कोचचा लॉन्ड्रीवाला

अलाबामातल्या टॉलिव्हरमध्ये फुटबॉलच्या मोसमात कुणी शनिवारी गेलं, तर त्याला मातीसाठी सोमवारपर्यंत थांबावं लागतं. शनिवारी पाद्री स्टेडियममध्ये असतो आणि रविवारी त्याचा घसा बसलेला असतो. विद्यापीठाचं स्टेडियम सत्तर हजारांचं. गावाची वस्ती त्याच्या निम्मीही नाही. त्या स्टेडियमात पाय ठेवायला गावातल्या एकाच माणसाला बंदी होती. तो खुनी वगैरे नव्हता. खून करून, शिक्षा भोगून आलेले एक गृहस्थ पूर्वेच्या दारावर तिकिटं तपासायचे. फार नम्र माणूस. बंदी होती वेंडल स्टॅगर्सला, आणि वेंडलचा धंदा कपडे धुण्याचा.

कॉलेज स्ट्रीटवरचं ‘स्टॅगर्स क्लीनर्स’ त्याच्या बापाने काढलेलं. वेंडल तिथेच वाफेत वाढला आणि उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा, मऊ निघाला. फुटबॉलचं वेड मात्र रक्तात. कॉलेजच्या संघाच्या निवडीला गेला तेव्हा त्याच्या हातात चेंडूऐवजी टॉवेलांचा गठ्ठा देण्यात आला, आणि सगळ्यांना वाटलं की तो नाराज होईल. तो टॉवेल घडी करून घेऊन आला. त्याला वाटलं, संघात घेतलं.

कोच हॉलिस बॅस्कम आमच्याकडे आले तेव्हा टॉलिव्हरची खेचरं, म्हणजे आमचा संघ, नावाला जागून वागत होती. कोचनी पहिल्याच आठवड्यात नियम काढला. सामन्याच्या दिवशी प्रत्येक खेळाडू कोट आणि टाय घालून बसमधून उतरेल. “मैदानात जनावरासारखे लढा,” ते म्हणाले, “पण उतरायचं माणसासारखं.” पंचाईत एवढीच की बरीचशी पोरं अशा घरांतून आलेली होती, जिथे पुरुषाच्या अंगावर कोट चढायचा तो शवपेटीत. मग कोच वेंडलच्या दुकानात आले. जुने, न नेलेले, मेलेल्या गिऱ्हाइकांचे कोट वेंडलकडे ढिगाने होते. त्याने ते उसवले, सोडले, आवळले, इस्त्री केले. दर गुरुवारी पोरं रांगेने येत आणि आपापला कोट घेऊन जात.

आता नियम असा होता की विद्यार्थी-खेळाडूला फी, खाट आणि जेवण एवढंच द्यायचं. त्यापलीकडे कुणी त्याला एक सँडविच चारलं तरी तो भ्रष्टाचार. कोचना गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता. तो भ्रष्टाचार नव्हता, करार होता. पण चांगली पोरं फी आणि खाटेवर येत नसत. म्हणून बुधवारी कोच स्वतःचा कोट टाकायला दुकानात यायचे आणि काउंटरवर टेकून म्हणायचे, “वेंडल, त्या नव्या पोराचा कोट अंगाला हलका वाटतोय रे.”

“बघतो, कोच.”

एवढंच. मोटारींच्या शोरूमचा मालक, कोंबड्यांच्या कारखान्याचा मालक, दोन दंतवैद्य, ही मंडळी आपल्या कपड्यांबरोबर पाकिटं टाकून जात. वेंडल ती त्या त्या कोटाच्या आतल्या खिशात सरकवी. कधी पाकीट कमी पडलं तर आपल्याकडचं घाली. त्यापायी त्याच्या घरातलं स्वयंपाकघर एक अख्खं वर्ष बिनदाराच्या कपाटांचं राहिलं. बायको अर्लीन येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, “हे बघा, माझी भांडी यंदा डावीकडच्या बचावफळीत खेळतायत.”

यातून वेंडलने काय कमावलं? तर कोच त्याला नावाने हाक मारायचे. भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. हा माणूस त्या एका हाकेवर आठवडा काढायचा.

रोझेल पेटवे आला तो काळ्या मातीच्या आणि काळ्या माणसांच्या पट्ट्यातल्या एका खेड्यातून. चेंडू काखेत घेऊन धावायला लागला की समोरची माणसं दार उघडल्यासारखी बाजूला व्हायची. त्याच्या मापाचा कोट नव्हताच. वेंडलने एका मेलेल्या न्यायाधीशाच्या कोटाच्या बाह्या लांब सोडल्या आणि तो त्याला दिला. पहिल्या गुरुवारी कोट घेऊन गेलेला पोरगा पाच मिनिटांत धापा टाकत परत आला.

“मिस्टर वेंडल, कुणाचं तरी पाकीट माझ्या कोटात राहिलंय.”

रांगेतली थोरली पोरं हसायला लागली. वेंडलही हसला. “तुझ्याच कोटात आहे ना? मग तुझंच.”

“पण मी काही केलं नाही.”

“शनिवारी कर,” वेंडल म्हणाला.

रोझेलने शनिवारी केलं, आणि पुढचे अडीच मोसम करत राहिला. पाकीट तो आईला पाठवायचा. तिसऱ्या वर्षी मिसिसिपीच्या एका संघाविरुद्ध त्याचा गुडघा असा फिरला की पाऊल मागच्या बाजूला दिसायला लागलं. पुढच्या बुधवारी कोच दुकानात आले, काउंटरवर टेकले. “पेटवेचा कोट मोकळा कर.”

“बघतो, कोच.”

गुरुवारी रोझेल कुबड्यांवर रांगेत उभा. वेंडलने नजर हँगरवर ठेवली. “तुझ्या नावाचा कोट नाहीये.”

“तो काय तिथे टांगलाय, मिस्टर वेंडल. बाह्या तुम्हीच सोडल्यात.”

“तो आता दुसऱ्याचा आहे. बाह्या परत आवळल्या.”

“मला खिशातलं नको. नुसता कोट द्या. संघाबरोबर बसायचं तर कोट लागतो.”

“तू संघाबरोबर बसणार नाहीयेस, रोझेल. नेक्स्ट!”

मागचं पोरगं पुढे सरकलं. कुबड्यांचा आवाज फुटपाथवर बराच वेळ येत राहिला. वेंडलने त्या दिवशी बाकीचे सगळे कोट दिले, घरी जाऊन तळलेले मासे खाल्ले आणि मस्त झोपला. हे त्याचं त्यानेच पुढे अर्लीनला सांगितलं, म्हणून माहीत.

महिन्याभरात कॉलेज-फुटबॉलच्या संघटनेचे चौकशीवाले आले. दोन माणसं, एकसारखे तपकिरी बूट. ती कुणाला काही न विचारता सरळ दुकानात शिरली, सरळ मागच्या दांडीपाशी गेली आणि बरोबर त्याच कोटांच्या खिशात हात घातला. म्हणजे कुणीतरी फोडलं होतं. कुणी, ते गावाने दुपारच्या आत ठरवलं. गुडघा गेला, कोट गेला. पेटवेच बोलला असणार. रोझेलची शिष्यवृत्ती रद्द झाली. आई त्याला न्यायला आली तेव्हा वसतिगृहापासून हमरस्त्यापर्यंत गावाने तिच्या गाडीवर अंडी फेकली. चांगली ताजी अंडी.

कोच टीव्हीवर आले. डोळ्यांत पाणी. “माझी पोरं कोटात आहेत की नाही एवढं मी बघतो,” ते म्हणाले. “कोटात काय आहे ते लॉन्ड्रीवाल्याला विचारा.”

दुसरा कुणी असता तर टीव्ही फोडला असता. वेंडल गहिवरला. कोचची चाल गावात कुणाला कळली नसली तरी त्याला कळली होती: कोच नेहमी डावीकडे बघून चेंडू उजवीकडे टाकत. आपल्याला उघड झिडकारलं, याचाच अर्थ आत सांभाळून घेतलंय. असा हिशेब अलाबामाच्या बाहेर कुणी मांडला नसता. आमच्याकडे तो कुणालाही पटला असता. कुणी न विचारता वेंडलने चौकशीवाल्यांना सांगून टाकलं, “सगळं माझं. एकट्याचं. कोचना कोटाचा रंगसुद्धा माहीत नाही.”

शिक्षा झाल्या. टॉलिव्हरचे त्या मोसमातले सगळे विजय दप्तरातून पुसण्यात आले. हरलेले सामने मात्र शाबूत ठेवले. म्हणजे अधिकृतरीत्या आम्ही त्या वर्षी फक्त हरलो. कोचना समज देण्यात आली, आणि दोन वर्षांनी पगारवाढ. वेंडलला विद्यापीठाने रीतसर ‘संबंधविच्छेद’ दिला. नवराबायकोला जो मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात तो वेंडलला घरबसल्या मिळाला. स्टेडियम, संघ, सराव, भोजनं, सगळं बंद. आजन्म.

“दोनतीन वर्षं,” वेंडल अर्लीनला म्हणाला. “वातावरण निवळलं की कोच बोलावतील.”

“कशावरून?”

“एक शब्द बोलले नाहीत ना माझ्याशी. परक्याला माणूस निरोप तरी पाठवतो.”

दुकानाच्या गच्चीवरून स्टेडियमच्या दिव्यांचे खांब दिसत, मैदान दिसत नसे. दर शनिवारी वेंडल तिथे खुर्ची टाकून रेडिओ लावी. आधी स्टेडियमची गर्जना येई आणि मग, चारपाच सेकंदांनी, तिचं कारण रेडिओवर येई. गर्जनेच्या जातीवरून तो ओळखायला शिकला: ही धाव, हा गुण, हा आपलाच माणूस पडला. असे पस्तीस मोसम गेले. कोच निवृत्त झाले, तळ्याकाठी घर बांधून राहिले. निरोप आला नाही. वेंडलचा विश्वास वाढतच गेला.

रोझेल काही वर्षांनी गावात परत आला. गावातल्या एका मुलीशी लग्न केलं होतं त्याने, आणि शाळेची बस चालवायची नोकरी मिळाली होती. ब्रेकच्या पायाला गुडघा लागतो तो उजवा, त्याचा डावा गेलेला, नशीब. चर्चचा सूट तो वेंडलकडेच टाकायचा, कारण गावात दुसरी लॉन्ड्री नव्हती. दोघं हवापाण्याचं बोलत. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल एकच वेळा बोलणं झालं. “मी नव्हतो बोललो, मिस्टर वेंडल,” रोझेल बिलाची पावती खिशात घालत म्हणाला. “जाऊ दे रे, जुनं झालं,” वेंडल म्हणाला. म्हणजे विश्वास ठेवला नाही.

मग एके वर्षी कायदाच फिरला. न्यायालयं म्हणाली, पोरं खेळतात, पोरांवर सगळे गब्बर होतात, पोरांनाही द्या. रातोरात आमचा एकोणीस वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू टाकणारा हुकमी गडी, हमरस्त्यावरच्या फलकावर ट्रक विकायला उभा राहिला, चारमजली उंच. देणगीदारांची रीतसर संस्था निघाली. वेंडल दुकानाच्या खिडकीतून, इस्त्रीखाली कापड जळेपर्यंत, तो फलक बघत बसायचा.

“तू काळाच्या पुढे होतास,” अर्लीन म्हणाली. “तुझा पुतळा उभारायला हवा.”

पुतळा उभारायचं ठरलंच, पण कोचचा. ब्राँझचा, बारा फुटी, कोट आणि टाय घातलेला. ऑक्टोबरातल्या सामन्याला मध्यंतरात अनावरण. कोच स्वतः हजर राहणार. बातमी वाचून वेंडलने पेपर घडी करून खाली ठेवला.

“मला जायचंय.”

“कुठे?”

“आत.”

अर्लीनने त्याच्याकडे पाहिलं. “तुला काय, पुतळ्याच्या कोटाला इस्त्री करायचीये?”

पण त्याच्या वयाची अठ्ठ्याहत्तरी झाली होती, डॉक्टरने छातीवर बोट ठेवून मान हलवली होती, आणि त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं: मरायच्या आत एकदा स्टेडियममध्ये बसायचं, कोचच्या दिवशी. टाय लावून तो विद्यापीठात गेला. खेळाडूंच्या मोबदल्याचं कार्यालय आता सगळं काचेचं होतं. तिथल्या संचालिका केन्झी लॉडर म्हणजे तिशीही न गाठलेली पोरगी, दात इतके पांढरे की बोलताना उजेड पडायचा. तिने त्याची सगळी हकिगत तोंडावर हात ठेवून ऐकली.

“अय्या! म्हणजे तुम्ही माझंच काम करत होता!”

“बहुतेक.”

“कोटाच्या खिशात! किती गोड! आणि तुम्हाला पगार काय होता?”

“पगार?” वेंडल म्हणाला. “मीच घालायचो पदरचे.”

ती इतकी हसली की शेजारच्या काचेतून दोघंजण डोकावले. तिने त्यांनाही बोलावून सांगितलं. मग संगणकात पाहिलं. “तुमचं नाव अजून लाल रंगात आहे, बरं का. मला काहीच अडचण नाही, काढून टाकते. पण त्या दिवसाची यादी कोच स्वतः बघतायत. त्यांनी हो म्हटलं की झालं. तुमची ओळख आहे ना?”

“ओळख?” वेंडल म्हणाला, आणि त्याला त्या कार्यालयात पहिल्यांदाच हसू आलं.

तळ्याकाठच्या घराच्या ओसरीत कोच उकडलेल्या शेंगा खात बसले होते. शहाऐंशी वर्षांचे, नाकाला प्राणवायूची नळी, पण नजर अजून तीच. समोरचा माणूस कुठून मोडेल ते शोधणारी. टरफलं ते थेट फरशीवर टाकत होते. वेंडलला बस म्हणाले नाहीत.

“कोण?”

“वेंडल, कोच. वेंडल स्टॅगर्स.”

“लॉन्ड्री.”

“हो, कोच.”

“म्हातारा झालास.”

“तुम्ही नाही झालात, कोच.”

“खोटं चांगलं बोलतोस अजून. काय हवंय?”

वेंडलने सांगितलं. घरून पाठ करून आलेलं दोन वाक्यांत संपलं. कोचनी एक शेंग फोडली.

“पस्तीस वर्षं काय करत होतास?”

“वाट बघत होतो. तुमच्या निरोपाची.”

“निरोप देईन असं मी म्हणालो होतो?”

“नाही, कोच. काहीच म्हणाला नव्हतात. म्हणूनच मला वाटलं…”

“मी काही म्हणालो नाही, कारण तू माझ्या डोक्यातच नव्हतास.” कोच हे रागाने बोलले नाहीत. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं सांगितलं.

वेंडल टोपी हातात फिरवत राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “तो पेटवे तेव्हा फुटला नसता, तर…”

कोच हसले, आणि नळीतून शिट्टी वाजली. “पेटवे? तो कशाला फुटतोय! मंद पोरगा, प्रामाणिक. फोन मी केला.”

“तुम्ही?”

“मॉन्टगोमेरीचा एक वार्ताहर तुझ्या दुकानासमोर गाडी लावून बसायला लागला होता. घर पेटणारच होतं, वेंडल. कुठली खोली जाऊ द्यायची एवढंच माझ्या हातात होतं. पोराचा गुडघा गेलेलाच होता. तुला दुसरा धंदा होता. बळी दुसरा कोण द्यायचा? क्वार्टरबॅक?”

इथे वेंडलला राग यायला हवा होता. तो क्षणभर थांबलाही, येतोय का बघायला. आला नाही. त्याऐवजी एक प्रश्न आला, आणि तो त्याने विचारला, हे त्याच्या आयुष्याचं सार म्हणायला हरकत नाही.

“कोच, फोनवर तुम्ही नाव आधी कुणाचं घेतलंत? माझं की त्याचं?”

“तुझं,” कोच म्हणाले.

वेंडलने मान डोलावली. त्याला बरं वाटलं.

“तुला आत यायचंय ना,” कोच म्हणाले. “मध्यंतराला ते माझ्यावर एक फिल्म दाखवणार आहेत, मोठ्या पडद्यावर. त्यात त्या एका वर्षाचा डाग आहे. तू कॅमेऱ्यासमोर बसून तो काढायचास. मला माहीत नव्हतं, हे तू मागे म्हणालासच. पण आता तेवढ्याने भागत नाही. आता देणं हा गुन्हाच राहिला नाही. त्या पोरीला तर त्याचं ऑफिस दिलंय. मग मी माझे विजय कशापायी घालवले? लोकांना गुन्हा लागतो. तर असं सांग: तो पोरगा मागायचा. धमकी द्यायचा. नाही म्हटलं तेव्हा संघ विकला.”

“तो परत आणून देत होता, कोच. पहिल्या दिवशी.”

“हे सांगून तुला आत बसायला मिळणार नाही.”

तळ्यावर बदकं होती. वेंडल त्यांच्याकडे बघत म्हणाला, “बघतो, कोच.”

“जाताना जाळीचं दार ओढून घे. माश्या येतात.”

चित्रीकरण दुकानातच झालं. हँगरची दांडी मागे छान दिसते म्हणाले. केन्झीने वेंडलच्या टाळूला पावडर लावली. तो बोलायला लागला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, इतकं ते सुरळीत निघालं. रोझेल काउंटरवर मूठ आपटायचा, हेसुद्धा निघालं, ते तर कुणी सांगितलंही नव्हतं. “काय भन्नाट!” केन्झी म्हणाली, आणि त्याच्या गळ्यात एक पास अडकवला. विभाग, रांग, खुर्ची. वेंडलने तो त्या दिवसापासून शर्टाच्या आत घातला. आंघोळीलाच काय तो काढायचा.

अर्लीन मागच्या खोलीतून सगळं ऐकत होती. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली. “पन्नास वर्षं मी तुला मूर्ख समजत होते,” ती म्हणाली. “माफ कर मला.” त्यानंतर ती त्याच्याशी फक्त जेवायला वाढण्यापुरती बोलली.

सामन्याच्या आदल्या दिवशी रोझेल दुकानात आला. हातात चर्चचा सूट. चेहऱ्यावर काहीतरी नवीन होतं. वेंडलला ते आधी ओळखूच आलं नाही.

“मला बोलावलंय, मिस्टर वेंडल! सगळ्या जुन्या खेळाडूंना बोलावलंय. पुतळ्याच्या वेळी कोचच्या मागे मैदानात उभं राहायचं, कोटाटायमध्ये. माझंसुद्धा नाव आहे.”

विद्यापीठाच्या यंत्राने जुन्या खेळाडूंना सरसकट आमंत्रणं धाडली होती. यंत्राला अंडी माहीत नव्हती.

“वा,” वेंडल म्हणाला.

“जरा कडक करून द्या. गुडघ्यावर चुणी पडते माझ्या. आणि ऐका ना, आई येतेय. सत्त्याऐंशीची आहे, तरी म्हणाली येणारच. त्या दिवसानंतर या गावात पाऊल टाकलं नव्हतं तिने. चाकाच्या खुर्चीला उतार कुठल्या दाराला आहे, माहितीये तुम्हाला?”

“मी पस्तीस वर्षं आत गेलेलो नाही रे.”

“हो की. विसरलोच.” रोझेल ओशाळून हसला. “तुम्हालासुद्धा बोलवायला हवं होतं. मी केन्झीबाईंना सांगू का तुमच्याबद्दल?”

पास वेंडलच्या छातीला टोचत होता. एक वाक्य पुरलं असतं: येऊ नकोस. आईला आणू नकोस. पण रोझेलने कारण विचारलं असतं, कारण कळलं असतं तर तो काचेच्या कार्यालयात गेला असता, आणि त्या पोरीने पांढरे दात दाखवत फिल्मचा तेवढा तुकडा काढला असता; आणि पासही. वेंडलने सूट उचलला, खिसे चाचपले.

“नको,” तो म्हणाला. “तुझ्यापुरतं बघ. संध्याकाळी ये, तयार ठेवतो.”

त्या सुटावर त्याने जेवढी मेहनत घेतली तेवढी कोचच्याही कपड्यांवर कधी घेतली नव्हती. पॅंटची घडी अशी की बोट कापावं. पैसे घेतले नाहीत. रोझेलने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शनिवारी वेंडल आत गेला. पूर्वेच्या दारावरच्या त्या नम्र गृहस्थांनी पास पाहून “या, साहेब” म्हटलं. हिरवळ त्याच्या आठवणीपेक्षा लहान होती आणि गोंगाट मोठा. शेजारी शिकारी टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस आणि त्याची बायको. दोघांनी वेंडलला शेंगा देऊ केल्या, गुडघ्यावर थापा मारल्या, खेचरं पुढे होती. मध्यंतर झालं. कोचना छोट्या गाडीतून मैदानाच्या मध्यावर आणलं. मागे जुनी खेळाडू मंडळी दोन रांगांत उभी राहिली, पोटं सुटलेली, कोट ताणलेले. एकाचाच सूट अंगावर ओतल्यासारखा बसला होता. रोझेल पहिल्या रांगेत होता. उताराच्या कठड्यापाशी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी, डोक्याला जांभळी हॅट, त्याला हात करत होती.

पडद्यावर फिल्म सुरू झाली. कोच तरुण, कोच खांद्यांवर, कोच आणि करंडक. मग संगीत उतरलं. कुबड्यांवरच्या रोझेलचा फोटो आला, आणि त्याच्यावर वेंडलचा आवाज, सत्तर हजार माणसांना स्वच्छ ऐकू जाईल असा. मागायचा. मूठ आपटायचा. धमकी द्यायचा. विकलं त्याने.

पहिली हुर्यो उत्तरेच्या टोकाकडून उठली आणि गोल फिरत आली. मैदानावरच्या कॅमेऱ्याने माणूस शोधून काढला. पडद्यावर आता आजचा रोझेल होता, तोंड किंचित उघडं, वर बघणारा, आपलंच नाव चुकीच्या जागी लिहिलेलं वाचावं तसा. त्याच्या डावीकडचा माणूस एक पाऊल बाजूला झाला. मग उजवीकडचा. कोच समोर बघत होते. म्हातारीला वाटलं लोक मुलाचं नाव घेऊन ओरडतायत. तिने दोन्ही हात वर केले. मग पडद्यावर वेंडलचा पावडर लावलेला चेहरा आला आणि हुर्यो दुप्पट झाली.

शिकारी टोपीवाला उठून उभा राहिला होता, मानेच्या शिरा ताठ. “तो काळा आणि हा लॉन्ड्रीवाला! या दोघांनी आपला मोसम खाल्ला!” त्याने खाली पाहिलं. पडद्यावरचं टक्कल आणि शेजारच्या टोपीखालचा म्हातारा यांचा काही संबंध त्याला लागला नाही. “काय आजोबा, टॉलिव्हरचेच ना? गप्प का?”

आजूबाजूची तीनचार माथी वळली. वेंडल गुडघ्यांवर हात टेकून उठला. खाली मैदानात रोझेलच्या दोन्ही बाजूंना आता बरीच मोकळी जागा होती. वेंडलने तोंडाभोवती ओंजळ धरली आणि हुर्यो केली. पहिली चिरकी निघाली. दुसरी चांगली निघाली.

“वा रे वा!” टोपीवाला म्हणाला, आणि त्याने वेंडलच्या पाठीवर हात ठेवला. “आवाज आहे हं तुमच्यात.”

वेंडलने श्वास घेतला आणि परत केली.